चीज घरी करावे की विकत घ्यावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरगुती दुग्धपदार्थांविषयीच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत चीजविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: चांगले चीज जवळपास मिळत नाही, आणि मिळाले तर परवडत नाही. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. येथील दुकानांत चीजचे क्यूब, स्लाइस आणि फार तर पिझ्झासाठी मोझरेला मिळते. फेटा, रिकोटा किंवा क्रीम चीज हवे असल्यास पुण्याहून मागवावे लागते आणि बर्फाच्या पेटीतून पाठवण्याचा खर्च चीजच्या किमतीच्या बरोबरीने येतो. हे सर्व घरी केल्यास खरोखर स्वस्त पडेल का? (विटा, जि. सांगली)

उत्तर : काही प्रकार निश्चित स्वस्त पडतील आणि काही मुळीच पडणार नाहीत. जे चीज बाजारात मुबलक आणि तुलनेने स्वस्त मिळते, ते घरी करून पैसे वाचत नाहीत. जे बाजारात महाग आहे, नेमके तेच घरी स्वस्तात होते.

हिशेब दुधापासून सुरू करू. गाईच्या साधारण १० लिटर दुधापासून चेडरसारखे कठीण चीज जेमतेम १ किलो मिळते. दूध ६० रुपये लिटर धरले, तर इंधन, रेनेट (दूध लावून घट्ट करणारे विकर) आणि आपला वेळ यांचा विचार न करताही केवळ दुधाचेच ६०० रुपये होतात. मोझरेलामध्ये पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे ४ लिटर दुधात ४०० ते ४५० ग्रॅम चीज निघते, म्हणजे तेही किलोला साडेपाचशेच्या आसपास जाते. मोठ्या डेअऱ्या शेतकऱ्याकडून दूध आपल्या किरकोळ भावाच्या कितीतरी खाली घेतात, त्यातील जादा साय लोण्या-तुपाकडे वळवतात आणि उरलेल्या निवळीची (चीज वेगळे केल्यावर राहणाऱ्या पाण्याची) भुकटी करून तीही विकतात. त्यांच्याशी स्वयंपाकघरातून स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि पाकीटबंद पनीरवरील कर तर पूर्ण काढून टाकला आहे. त्यामुळे मोझरेलाचा किलोचा पुडा आणावा, त्याचे आठवड्याला लागतील एवढे भाग करून ते बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

फेटा, रिकोटा, मास्कारपोने (क्रीमपासून केलेले मऊ चीज) आणि क्रीम चीज यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ही बहुतेक ताजी किंवा अल्पकाळ टिकणारी चीज आहेत. त्यांची किंमत वाढते ती कारागिरीमुळे नव्हे, तर कमी खप, थंड वाहतूक आणि दुकानात मुदत संपून वाया जाणारा माल यांमुळे. यांपैकी एकही खर्च घरी येत नाही.

फेटासारखे चीज करण्याची रीत विस्ताराने देतो, कारण कष्टाच्या मानाने सर्वांत अधिक मोबदला त्यातच आहे. ग्रीसमधील अस्सल फेटा मेंढीच्या दुधाचा असतो आणि त्यात शेळीचे दूध ३० टक्क्यांपर्यंतच चालते. २००२ पासून युरोपीय संघात ते नाव ग्रीक चीजसाठीच राखीव आहे. तेव्हा आपण करतो ते फेटाच्या पद्धतीचे गाईच्या दुधाचे चीज, इतकेच म्हणणे योग्य. तुमच्याकडे शेळीचे दूध मिळत असेल तर ते निम्मे घालून पाहावे, चव मूळच्या पुष्कळ जवळ जाते.

पाश्चराइज्ड, पण न उकळलेले २ लिटर दूध ३२ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करावे, त्यात दोन मोठे चमचे ताजे, आंबट न झालेले दही मोडून मिसळावे आणि तासभर झाकून ठेवावे. नंतर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात रेनेट उकळून गार केलेल्या पाव वाटी पाण्यात कालवून दुधात घालावे, अर्धा मिनिट हलक्या हाताने ढवळावे आणि पाऊण ते एक तास भांड्याला धक्काही लावू नये. दूध खरवसासारखे लुसलुशीत लागले, म्हणजे सुरी तिरपी खुपसून वर उचलून पाहावी. चीर स्वच्छ पडली आणि तिच्यात पिवळसर, नितळ निवळी दिसली की ते कापण्याजोगे झाले. त्याचे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे चौकोन कापावेत, पाच मिनिटे थांबावे, मग पंधरा मिनिटे अगदी सावकाश हलवावे आणि मलमलच्या फडक्यात बांधून टांगावे. थंड देशांतील पुस्तके रात्रभर बाहेर टांगायला सांगतात. आपल्या हवेत तसे केल्यास चीज फार आंबते, म्हणून चार-पाच तासांनंतर ते फ्रिजमध्ये नेऊन तेथेच रात्रभर निथळू द्यावे. दुसऱ्या दिवशी वड्या पाडून त्यांना मीठ चोळावे आणि दिवसभराने मिठाच्या निवळीत बुडवून ठेवावे. एक लिटर निवळी उकळून गार करावी आणि तिच्यात १०० ग्रॅम मीठ घालावे. येथे साधे पाणी वापरू नये. त्यात चीजमधील कॅल्शियम उतरते आणि वड्या बुळबुळीत होतात.

यातून साधारण ३०० ग्रॅम चीज मिळते, म्हणजे दुधाचा खर्च किलोला ४०० रुपयांच्या आसपास येतो. फ्रिजमध्ये ते दोन आठवडे उत्तम राहते. खारट वाटल्यास खाण्यापूर्वी अर्धा तास दुधात बुडवून ठेवावे.

क्रीम चीजसाठी तर वेगळे काही शिकण्याची आवश्यकताच नाही. फुल क्रीम दुधाचे गोड दही लावून त्याचा घट्ट चक्का बांधावा, त्यात चवीपुरते मीठ आणि थोडी ताजी साय घोटावी. पावाला लावण्यासाठी विकतच्या डबीपेक्षा ते कोठेही उणे नसते. चीजकेकसाठी वापरताना आंबटपणा थोडा जाणवेल, म्हणून दही जेमतेम लागताच टांगावे. मास्कारपोनेसाठी क्रीम ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवावे, त्यात लिंबाचा रस घालून पाच मिनिटे ढवळत राहावे आणि गार झाल्यावर फडक्यातून फ्रिजमध्ये रात्रभर गाळावे. आपल्याकडे डबाबंद मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमचेही ते होते, मात्र काहीसे सैल राहते.

प्रश्न : रेनेट मागवून मोझरेला करण्याचा प्रयत्न अनेकदा केला. कधी दूध लागतच नाही, कधी त्याचा पनीरसारखा रवाळ चोथा होतो आणि ताणला की तुटतो. दूध चांगल्या प्रतीचे घेते आणि आणल्याबरोबर तापवते. चूक कोठे होत असावी? (ठाणे)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘आणल्याबरोबर तापवते’ या शब्दांतच बहुधा उत्तर आहे. दूध घरात आले की आधी गॅसवर चढवायचे, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे आणि सुट्या दुधाच्या बाबतीत ती आवश्यकही आहे. रेनेटला मात्र उकळलेले दूध चालत नाही. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेली निवळीची प्रथिने असतात. दूध उकळले की ही निवळीची प्रथिने उलगडून केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात, आणि रेनेटला जेथे काप घ्यायचा असतो ती जागाच झाकली जाते. म्हणून दूध लागत नाही, किंवा लागले तरी लिबलिबीत राहते. पनीरला याची अडचण येत नाही, कारण तेथे उष्णता आणि आम्ल मिळून सगळीच प्रथिने एकत्र फाडतात. याच कारणाने फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारे खोक्यातील यूएचटी (अतिउच्च तापमानावर तापवलेले) दूधही मोझरेलासाठी निरुपयोगी आहे.

पिशवीतील दूध डेअरीत पाश्चराइज केलेले असते, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा त्याला समतुल्य तापवून लगेच थंड केलेले असते. पिशवी थंड मिळत असेल आणि तिच्यावर ‘पाश्चराइज्ड’ असे छापलेले असेल, तर ती पुन्हा न उकळता थेट चीजसाठी घ्यावी. गवळ्याकडून दूध घेत असाल तर ते मात्र कच्चे कधीही वापरू नये. कच्च्या दुधातून ब्रुसेल्लोसिस आणि क्षय यांसारखे रोग पसरतात आणि मऊ चीजमध्ये लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, जो गर्भवतींना विशेष घातक आहे. अशा दुधाचे भांडे गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरावे आणि मग बर्फाच्या पाण्यात झटपट गार करावे. यासाठी दीड-दोनशे रुपयांचा थर्मामीटर लागतो. चीजच्या बाबतीत हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही. इतर सर्व उपकरणे नसली तरी चालतील, हे एक हवेच.

आता दुसरा संशय. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ हा शब्द आहे का, ते पाहावे. अशा दुधातील स्निग्धांशाचे कण फोडून बारीक केलेले असतात, त्यामुळे साय जमत नाही आणि रेनेटने लागलेला थरही नाजूक राहतो. शक्यतो हा शब्द नसलेले दूध निवडावे. ते मिळत नसेल तर लिटरमागे सुमारे ०.२ ग्रॅम खाद्य प्रतीचे कॅल्शियम क्लोराइड थोड्या पाण्यात विरघळवून रेनेटच्या आधी घालावे. थर बराच सुधारतो. तिसरी गोष्ट म्हणजे नळाचे पाणी. त्यातील क्लोरीन रेनेटला निकामी करते, म्हणून रेनेट नेहमी उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवावे. रेनेटची बाटली फ्रिजमध्ये ठेवता ना, हेही तपासावे.

रवाळपणा आणि तुटणे हा प्रश्न मुख्यतः आम्लाचा आहे. मोझरेला ताणले जाते ते त्याचे आम्ल ठरावीक टप्प्यात आल्यावरच. त्याहून आम्ल कमी पडले तर गोळा रबरासारखा तुटतो, जास्त झाले तर भुगा होतो. झटपट पद्धतीत ४ लिटर गाईच्या दुधाला दीड चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पुरते. म्हशीच्या दुधाला थोडे अधिक लागते, कारण त्यातील प्रथिने आणि क्षार आम्ल अधिक प्रमाणात शोषून घेतात. ते वाटीभर पाण्यात विरघळवून फ्रिजमधील गार दुधात, ढवळत ढवळत घालावे. कोमट दुधात ओतले की ते जेथे पडेल तेथे दूध फाटते आणि तुम्ही लिहिता तो रवा तयार होतो. नंतर दूध ३२ अंशांवर आणून रेनेट घालावे, दहा मिनिटांनी कापावे, सावकाश ४० अंशांपर्यंत तापवावे आणि गाळावे. ताणण्यासाठी ७५ ते ८० अंशांचे खारट पाणी घ्यावे. गोळा आतून साधारण ५७ अंशांना पोचल्याशिवाय ताणला जात नाही, त्यामुळे पुष्कळदा दोष आम्लाचा नसून पाणी निवल्याचा असतो. आधी एक छोटा तुकडा पाण्यात बुडवून पाहावा, आणि तो चमकदार होऊन ओढला गेला तरच बाकीचा गोळा घ्यावा. रबरी हातमोजे घालण्यास विसरू नये.

प्रश्न : रेनेट वासराच्या जठरातून काढतात असे ऐकले आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. मग चीज आम्हाला चालेल का? घरी रेनेटऐवजी वनस्पतीजन्य काही वापरता येईल का? (पुणे)

उत्तर : परंपरेने रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातूनच काढत असत आणि युरोपातील काही चीजमध्ये आजही तेच वापरतात. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो हे चीज तर वासराच्या रेनेटखेरीज त्या नावाने विकताच येत नाही, तेव्हा ते शाकाहारी असणे शक्य नाही. भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांत मात्र चीजच्या व्याख्येतच ‘प्राणिजन्य नसलेले रेनेट’ अशी अट आहे. येथील डेअऱ्या बुरशीपासून मिळवलेले रेनेट किंवा सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने तयार करवून घेतलेले कायमोसिन, म्हणजे वासराच्या रेनेटमधील मुख्य विकर, वापरतात. या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि आज जगातील बहुतांश चीज त्यानेच लागते. घरगुती वापरासाठी येथे मिळणाऱ्या बाटल्या आणि गोळ्याही याच जातीच्या असतात. पाकिटावरील हिरवी खूण पाहून घ्यावी, म्हणजे शंका उरणार नाही.

वनस्पतींचे पर्याय जुने आहेत. अश्वगंधेची जवळची नातलग असलेली एक वनस्पती सिंध, पंजाब आणि राजस्थानच्या कोरड्या भागांत वाढते. तिची सुकी फळे काष्ठौषधींच्या दुकानात ‘पनीर डोडी’ किंवा ‘पनीर फूल’ या नावाने मिळतात आणि ती भिजवून कुस्करलेल्या पाण्याने त्या भागांत पूर्वापार दूध लावत आले आहेत. हौस म्हणून करून पाहण्यास हरकत नाही, परंतु दर फळाचे बळ वेगळे असते आणि चीज थोडे कडवट होते. अंजिराचा किंवा कच्च्या पपईचा चीकही दूध लावतो, पण तो प्रथिने तोडण्याचे थांबतच नाही, त्यामुळे एक-दोन दिवसांत चीज मऊ आणि कडू होत जाते. रोजच्या उपयोगासाठी किण्वनाचे रेनेटच बरे.

प्रश्न : इंटरनेटवर सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याचा सोडा घालून ‘बाजारासारखे’ चीज करण्याची कृती पाहिली. ती कितपत आरोग्यदायी आहे? आणि दुकानात निम्म्या भावात मिळणारे ‘पिझ्झा टॉपिंग’ हे चीजच असते का? (नागपूर)

उत्तर : पहिल्या कृतीची उगाच भीती बाळगू नये. सायट्रिक अ‍ॅसिड आणि सोडा एकत्र आले की फसफसून त्यांचे सोडियम सायट्रेट होते, आणि कारखान्यांत प्रोसेस्ड चीज वितळवतानाही असेच क्षार वापरतात. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटालर चीज उष्ण देशांतही टिकावे म्हणून ते सोडियम सायट्रेटसह वितळवून पाहिले, तेथून हा प्रकार सुरू झाला. हा क्षार केसीनला धरून ठेवणारे कॅल्शियम ओढून घेतो, त्यामुळे प्रथिने आणि लोणी वेगळे न होता गुळगुळीत एकजीव होतात. कृती शास्त्राला धरून आहे; फक्त सोडा एकदम न घालता बुडबुडे थांबेपर्यंतच घालावा, नाहीतर साबणासारखी चव येते. तिच्यात पिकलेल्या चीजची खोल चव मात्र येणार नाही, कारण त्यात पिकलेले चीज नसतेच. मुलांच्या सँडविचसाठी ते पुरेसे आहे. सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावे. हे विकतच्या क्यूबनाही तितकेच लागू आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाकिटाच्या मागील बाजूस असते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. तेथे आरंभीच खाद्य वनस्पती तेल, पामतेल किंवा स्टार्च दिसले, तर ते दुधाच्या स्निग्धांशाचे चीज नाही, त्याची नक्कल आहे. अशी नक्कल विकणे बेकायदा नाही, ती चीज म्हणून विकणे बेकायदा आहे. म्हणूनच पुढील बाजूस ‘चीज’ या शब्दाऐवजी ‘टॉपिंग’, ‘ब्लेंड’, ‘अ‍ॅनालॉग’ असे शब्द योजलेले आढळतात. खरी अडचण उपाहारगृहात येते, कारण ताटलीवर पाकीट नसते. तेथे ‘कोणत्या कंपनीचे चीज वापरता’ असे सरळ विचारावे. चांगला दुकानदार पुडा आणून दाखवतो.

प्रश्न : घरी चेडर मुरवता येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : कोकणच्या हवेत उघड्यावर नाही, आणि साध्या फ्रिजमध्येही नाही. मुरण्यासाठी १० ते १३ अंश तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता किमान तीन महिने अखंड लागते. फ्रिज त्याहून फार थंड आणि कोरडा असतो, त्यात चीज मुरण्याऐवजी वाळते. जुना फ्रिज बाहेरून तापमान-नियंत्रक जोडून केवळ यासाठी राखून ठेवता येत असेल आणि वीज वारंवार जात नसेल, तरच या वाटेला जावे. नपेक्षा चेडर विकत घ्यावे.

प्रश्न : चीज केल्यावर राहणाऱ्या एवढ्या निवळीचे काय करावे? (संगमनेर)

उत्तर : ४ लिटर दुधामागे साडेतीन लिटर निवळी उरते आणि ती ओतून देणे म्हणजे दुधातील साखर, क्षार आणि निवळीची प्रथिने मोरीत सोडणे होय. रेनेटने लावलेल्या चीजची निवळी गोडसर असेल, तर त्याच दिवशी तिच्यात पाव हिश्श्याइतके दूध मिसळून ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवावी आणि थोडा लिंबाचा रस घालावा. वर तरंगणारी मऊ कणी फडक्यात गाळली की रिकोटा तयार होतो. सायट्रिक अ‍ॅसिड घातलेल्या मोझरेलाच्या निवळीतून मात्र फार थोडे निघते, तेव्हा तिच्यात कणीक भिजवावी, कढी करावी किंवा डाळ शिजल्यावर आमटीत घालावी. शिजण्याआधी घातल्यास आम्लामुळे डाळ दडस राहते. मीठ न घातलेली निवळी तुमच्या गाईगुरांना पाण्यात मिसळून थोडी थोडी देता येईल. मिठाची असेल ती झाडांच्या मुळाशीही ओतू नये.